कॅरमच्या गोट्या, एक थैली आणि "काढून परत टाकली तर?" वाली संभाव्यता

अकरावी-बारावीचे पोट्टे संभाव्यतेच्या धड्यात हमखास जिथे अडकतात ती जागा म्हणजे सशर्त संभाव्यता, म्हणजे काहीतरी खबर आधीच मिळाली असताना काढायची संभाव्यता, अन् त्यातही "गोटी काढली, रंग पाहिला, परत थैलीत टाकली, पुन्हा काढली" असं गणित आलं की अर्धे जण डोळे मिटून गुणाकार करून मोकळे होतात आणि बाकीचे अर्धे सवयीने छेदातून एक वजा करतात. दोन्ही सवयींनी मधूनमधून उत्तर बरोबर येतं, म्हणून त्या सुटत नाहीत. सूत्र तर सगळ्यांना पाठ असतं हो, पण सूत्रात काय भरायचं तेच कळत नाही ना. म्हणून इथे सूत्र बाजूला ठेवतो आणि खाने मोजून करतो. सगळ्यात एकच गोष्ट धरून चालायचं आहे, ती अशी की मिळालेली खबर थैलीत काहीच बदलत नाही, ती फक्त आपण कशातून मोजायचं ते बदलते.

सामान घरातच असते. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की दुपारी बाहेर पडायची सोय नसते, नवतप्यात तर विचारूच नका, मग कूलरसमोर कॅरम निघतोच. कॅरमच्या पूर्ण सेटात ९ पांढऱ्या, ९ काळ्या आणि १ लाल राणी, म्हणजे १९ गोट्या. सुरुवातीला इतक्या नको. ३ पांढऱ्या आणि २ काळ्या घ्या, बाकीच्या डब्यात राहू द्या. स्ट्रायकर तर लांबच ठेवा, तो हाताला लगेच कळतो. एक कापडी थैली घ्या, आतलं दिसणार नाही अशी, आणि गोट्यांवरची बोरिक पावडर पुसून टाका नाहीतर काही निसरड्या अन् काही खरखरीत लागतात आणि बोटांना नकळत निवड करायची सवय लागते. जुन्या सेटात एखाद्या गोटीची कड उडालेली असते, तीही काढून दुसरी घ्या, कारण ती हाताला ओळखू येते, आणि हात ओळखून राहिला असेल तर मग ती संभाव्यता राहत नाही.

आणखी एक. परत टाकणे म्हणजे नुसती वरून टाकून देणे नव्हे. गोटी वर पडते, आपण पुन्हा हात घातला की तीच पहिल्यांदा बोटाला लागते. परत टाकली की थैलीचं तोंड धरून चांगली हलवायची. गणितात "परत ठेवून" असे दोन शब्द लिहिलेले असतात त्यात हे हलवणं धरलेलंच असतं, पुस्तक ते वेगळं सांगत नाही.

आता वही घ्या. पाच गुणिले पाचचा चौकोन आखा. डाव्या बाजूला वरून खाली पहिल्या वेळी निघालेली गोटी लिहायची: पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी तीन, काळी एक, काळी दोन. वरच्या बाजूला डावीकडून उजवीकडे दुसऱ्या वेळी निघालेली गोटी, त्याच क्रमाने. झाले २५ खाने. प्रत्येक खाना म्हणजे "पहिल्यांदा ही, दुसऱ्यांदा ती" अशी एक जोडी, आणि प्रत्येक जोडी निघायची शक्यता सारखीच, कारण दरवेळी पाचही गोट्या थैलीत हजर आहेत. गोट्यांना नंबर का द्यायचे, रंगच लिहिले तर काय बिघडतं, असं पोट्टे विचारतात. बिघडतं असं की मग चारच खाने पडतात, पांढरी-पांढरी, पांढरी-काळी, काळी-पांढरी, काळी-काळी, आणि मन लगेच म्हणते प्रत्येकी पाव. पाव नाहीच आहे ते. नंबरवाल्या चौकोनात मोजा: पांढरी-पांढरीचे ९ खाने, पांढरी-काळीचे ६, काळी-पांढरीचे ६, काळी-काळीचे ४. बेरीज २५. हा चौकोन जपून ठेवा, पुढचं सगळं ह्याच्यावरच आहे.

पहिला प्रश्न सोपा. पहिली गोटी पांढरी निघाली हे कळलं, तर दुसरीही पांढरी असायची संभाव्यता किती? खबर काय मिळाली, पहिली पांढरी. मग वरच्या तीन ओळीच ठेवायच्या, खालच्या दोन ओळींवर पेन्सिलने आडवी काट मारायची. राहिले १५ खाने. त्यात दोन्ही पांढऱ्या असलेले ९. उत्तर ९/१५, म्हणजे ३/५. खबर नसताना दुसरी पांढरी असायची संभाव्यता किती होती? २५ पैकी १५, तीही ३/५. म्हणजे खबर मिळूनही काही फरक पडला नाही. ह्यालाच स्वतंत्र घटना म्हणतात, आणि परत टाकून काढण्यात हे होतं कारण गोटी परत गेल्यावर थैली जशीच्या तशी झाली, पहिल्या वेळचं तिला काही ठाऊक नाही.

इथेच लोक थांबतात आणि मनात पक्कं करून टाकतात की परत टाकलं म्हणजे खबरीचा उपयोग नसतो, शर्त असली काय नसली काय सारखंच. असं अजिबात नाही.

दुसरा प्रश्न बघा. दोनदा काढली, परत टाकून, आणि सांगितलं की "दोनपैकी एक तरी पांढरी होती". दोन्ही पांढऱ्या असायची संभाव्यता? आता काट कुठे मारायची? फक्त काळी-काळीच्या ४ खान्यांवर. राहिले २१. त्यात दोन्ही पांढरे ९. उत्तर ९/२१, म्हणजे ३/७. थैली तीच, गोट्या त्याच, परत टाकणंही तेच, पण आधी ३/५ होतं आणि आता ३/७ झालं. खबर नसताना दोन्ही पांढऱ्यांची संभाव्यता ९/२५ होती हेही बाजूला लिहून ठेवा. "पहिली पांढरी" ह्या खबरीने दहा खाने उडाले आणि "एक तरी पांढरी" ह्या खबरीने चारच उडाले, म्हणून दुसरी खबर कमजोर आहे आणि ती आपल्याला ९/२५ पासून फार दूर नेत नाही. ट्यूशनमध्ये हे फळ्यावर केलं की मागच्या बाकावरून "सर, पण एक पांढरी आहे हे दोन्हीकडे माहीतच आहे नं, मग वेगळं काहून?" असा प्रश्न येतोच, आणि प्रश्न रास्त आहे. फरक एवढाच की "पहिली पांढरी" मध्ये कोणती पांढरी आहे ते कळलं, "एक तरी" मध्ये कोणती ते कळलं नाही, त्यामुळे काळी-पांढरीचे ६ खानेही जिवंत राहिले आणि छेद फुगला.

तिसरा पटकन. "दोनपैकी नेमकी एकच पांढरी होती", तर ती पहिली होती ह्याची संभाव्यता? राहिले ६ आणि ६, बारा. उत्तर अर्धं. मजा अशी की थैलीत पांढऱ्या किती अन् काळ्या किती ह्याने इथे काही फरकच पडत नाही, शंभर पांढऱ्या आणि एक काळी घ्या तरी अर्धंच येईल, कारण पांढरी-काळी आणि काळी-पांढरी हे दोन गठ्ठे नेहमी सारखे असतात. परीक्षेत मोठेमोठे आकडे देऊन घाबरवायला हा प्रश्न चांगला आहे, माहीत असेल तर पाच सेकंदांचं काम. आणि "दोन्हीचा रंग एकच होता" अशी खबर असली तर राहिले ९ अधिक ४, तेरा, म्हणून दोन्ही पांढऱ्या असायची संभाव्यता ९/१३.

पुस्तकातलं सूत्र आता ह्याच्यावर बसवून घ्या. पुस्तकात कंसात दोन घटना लिहून मध्ये उभी रेघ मारलेली असते, रेघेच्या उजवीकडे असते ती मिळालेली खबर आणि डावीकडे असते ते विचारलेलं. सूत्र म्हणते, दोन्ही घडण्याची संभाव्यता भागिले खबर खरी असण्याची संभाव्यता. आपण केलं तेच आहे, फक्त वरखाली दोन्हीकडे २५ ने भागलेलं. म्हणजे ९/२५ भागिले २१/२५. ते २५ उडून जातात. खाने मोजता येत असतील तोवर खाने मोजा, गोट्या जास्त झाल्या की सूत्र वापरा, भांडण कशाचं नाही त्यात.

परत न टाकता काय होतं ते ह्याच चौकोनात एका मिनिटात दिसते, आणि हे बघितल्याशिवाय परत टाकण्याची किंमत कळत नाही. परत न टाकता म्हणजे जी गोटी पहिल्यांदा निघाली तीच दुसऱ्यांदा निघू शकत नाही. चौकोनात असे खाने कुठे आहेत? वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरप्या रेषेत, पाच. ते खोडा. खोडलेल्यांपैकी ३ पांढरी-पांढरीचे आणि २ काळी-काळीचे, मिश्र रंगाचा एकही गेला नाही. आता उरले २०: पांढरी-पांढरी ६, पांढरी-काळी ६, काळी-पांढरी ६, काळी-काळी २. पहिली पांढरी असेल तर दुसरी पांढरी? ६/१२, अर्धं. आधी ३/५ होतं. "एक तरी पांढरी" असेल तर दोन्ही पांढऱ्या? ६/१८, म्हणजे १/३. आणि खबर नसताना दुसरी पांढरी असायची संभाव्यता? १२/२०, म्हणजे ३/५, ती तशीच राहिली. ह्या शेवटच्यावर पोट्ट्यांचा विश्वास बसत नाही, पण पहिली गोटी न बघताच खिशात टाकली तर दुसरीचं नशीब का बदलावं? बघितली तरच बदलते. तो तिरपा पट्टा म्हणजेच परत टाकणे अन् न टाकणे ह्यातला सगळा फरक, पाच खान्यांचा.

बरं, आता स्वतंत्र घटना म्हटल्या की लोकांच्या डोक्यात जे उलटं बसलेलं असतं ते. पूर्ण १९ गोट्या थैलीत टाका, परत टाकून काढत रहा. अठरा वेळा काढली, राणी आलीच नाही. एकोणिसाव्या वेळी राणी यायची संभाव्यता? १/१९. "एवढ्या वेळा नाही आली, आता तर यायलाच पाहिजे बापा" हे म्हणणारे प्रत्येक घरात असतात, आणि ते थैलीला आठवण आहे असं समजून बोलून राहिले असतात. १९ वेळा काढूनही राणी एकदाही न यायची संभाव्यता १८/१९ चा एकोणिसावा घात, साधारण ०.३६, म्हणजे तीनातून एकदा तर सहज होऊ शकते. एकोणीस गोट्या, एकोणीस वेळा, मग एकदा तरी येणारच, हा हिशोब परत न टाकण्याचा आहे, तो इथे चालत नाही.

हाच गैरसमज मोठ्या पैशात बघायचा तर मोंटे कार्लोचं कॅसिनो घ्या. १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री तिथे रुलेटच्या, म्हणजे जुगाराच्या, चाकावर ओळीने २६ वेळा काळा आकडा आला, आणि लोक दरवेळी "आता लाल" म्हणून वाढवून वाढवून लावत राहिले आणि हरत राहिले. चाक म्हणजे परत टाकून काढणंच आहे, दरवेळी सगळे खण हजर. मोंटे कार्लोच्या चाकावर १८ लाल, १८ काळे आणि १ हिरवा शून्य असे ३७ खण. अमेरिकेत मात्र शून्य दोन असतात, म्हणून ३८ खण, आणि मग काळा यायची संभाव्यता १८/३८, म्हणजे ९/१९. आपल्या कॅरमच्या पूर्ण डब्यातून काळी गोटी यायची संभाव्यताही बरोबर ९/१९. राणी म्हणजे ते दोन हिरवे खण. म्हणजे घरात बसून, एक रुपया न लावता, अमेरिकन रुलेटचा हिशोब करता येते तुम्हाला.

आता सगळ्यात चिघळणारा भाग. "एक तरी पांढरी होती" ही खबर आली कशी? गणितात हे कोणी विचारत नाही पण विचारायला पाहिजे, आणि इथे दोन जण लागतात. समजा बहीण थैली घेऊन बसली आहे, भाऊ पाठमोरा. ती परत टाकून दोनदा काढते आणि दोन्ही रंग वहीत लिहिते. भाऊ विचारतो, "ताई, एक तरी पांढरी निघाली का गं?" ताई वही बघून म्हणते, "हो." आता दोन्ही पांढऱ्या असायची संभाव्यता ३/७, आपण वर काढली तीच.

दुसऱ्या तऱ्हेने करा. ताई दोन रंग दोन चिठ्ठ्यांवर लिहिते, चिठ्ठ्या पिसते, न बघता एक उचलते आणि दाखवते. चिठ्ठीवर "पांढरी". भावाला आता काय माहीत झालं? एक तरी पांढरी होती, बरोबर ना? मग ३/७? नाही. मोजा. पांढरी-पांढरीच्या ९ खान्यांत चिठ्ठी पांढरीच निघणार, ९ चे ९ जिवंत. पांढरी-काळीच्या ६ खान्यांत पांढरी चिठ्ठी अर्ध्याच वेळा निघेल, म्हणून ३ च मोजायचे. काळी-पांढरीतूनही ३. एकूण १५, त्यात ९. उत्तर ३/५. भावाला दोन्ही वेळा कळलं तेच, उत्तर मात्र वेगळं. कारण पहिल्या तऱ्हेत मिश्र रंगाच्या प्रत्येक जोडीने "हो" म्हटलं, दुसऱ्यात अर्ध्या जोड्यांनी काळी चिठ्ठी दाखवून स्वतःला बाद करून घेतलं. माझं स्पष्ट मत आहे की सशर्त संभाव्यतेवरचे निम्मे वाद इथूनच येतात, दोघेही बरोबर मोजत असतात पण खबर कुठल्या रस्त्याने आली ते दोघांनी वेगळं धरलेलं असतं. परीक्षेत काही सांगितलं नसेल तर पहिली तऱ्हा धरा, म्हणजे विचारलं आणि "हो" आलं, कारण सूत्र तेच धरते.

आता दोन थैल्या. इथे "परत टाकलं म्हणजे स्वतंत्र" हा पाठ केलेला नियम सरळ सरळ तोंडावर पडतो, म्हणून सावकाश वाचा. सारख्या दिसणाऱ्या दोन थैल्या घ्या. अ थैलीत ३ पांढऱ्या २ काळ्या, ब थैलीत १ पांढरी ४ काळ्या. कोणाला तरी नाणं उडवून एक थैली निवडायला सांगा, कोणती ते तुम्हाला कळू द्यायचं नाही. त्याच थैलीतून परत टाकून दोनदा काढायची. पहिली पांढरी निघाली. दुसरी पांढरी असायची संभाव्यता?

दोन चौकोन आखा, अ चा २५ खान्यांचा आणि ब चा २५ खान्यांचा, एकूण ५०, सगळे सारखे कारण नाणं सरळ आहे. अ मध्ये पहिली पांढरी असलेले १५, ब मध्ये ५. मिळून २०. त्यात दोन्ही पांढरे अ मध्ये ९, ब मध्ये १, मिळून १०. उत्तर १०/२०, अर्धं. आणि खबर नसताना दुसरी पांढरी असायची संभाव्यता? ५० पैकी २०, म्हणजे २/५. वाढली की! गोटी परत टाकली, थैली चांगली हलवली, सगळं नीट केलं, तरी पहिल्या गोटीने दुसरीबद्दल काहीतरी सांगितलंच.

पहिल्या गोटीने थैलीत काही बदल केला नाही, तिने आपल्याला थैली कोणती ह्याचा सुगावा दिला. पहिली पांढरी असलेल्या २० खान्यांत अ चे १५, म्हणून हातात अ असायची संभाव्यता अर्ध्यावरून ३/४ झाली. दोन्ही पांढऱ्या निघाल्या तर १० पैकी ९, म्हणजे ९/१०. ओळीने तीन पांढऱ्या निघाल्या तर २७/२८. पहिली पांढरी दुसरी काळी असेल तर अ चे ६ आणि ब चे ४, म्हणजे ३/५. थैली कोणती हे माहीत असतं तर गोट्या एकमेकींशी काही बोलल्या नसत्या, माहीत नाही म्हणूनच प्रत्येक गोटी काहीतरी चुगली करते. ह्या उलट्या हिशोबाला बेजचं प्रमेय म्हणतात, थॉमस बेज हा इंग्लंडचा गणितज्ञ गेल्यावर त्याच्या कागदांतून त्याचा मित्र रिचर्ड प्राइसने ह्यावरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवला आणि १७६३ मध्ये तो छापून आला. धड्यात त्याचं सूत्र बघून घाम फुटतो, दोन चौकोन आखले तर काही नाही त्यात.

आणि गणितात एक शब्द बदलला की सगळं पालटते. "त्याच थैलीतून पुन्हा" ऐवजी "पुन्हा नाणं उडवून थैली निवडली आणि काढली" असं असेल तर पहिली पांढरी कळूनही दुसरीची संभाव्यता २/५ च राहते, कारण पहिल्या वेळी कळलेली थैली आता कामाची नाही. प्रश्न वाचताना हा शब्द बोटाने धरून वाचा. मार्क जातात ते इथे.

हे सगळं कागदावर पटलं तरी एकदा हाताने करून बघा, घरात दोन भावंडं असली की एक दुपार निघून जाते. एका थैलीचाच प्रयोग, ३ पांढऱ्या २ काळ्या, दोन वेळा काढली की एक फेरी, अशा १०० फेऱ्या. वहीत चार रकाने आणि उभ्या रेघांनी ताळा. साधारण ३६, २४, २४, १६ च्या आसपास यायला पाहिजे. बरोबर ३६ च यायला पाहिजे असं नाही, ३१ ते ४१ च्या मधे आलं तर गडबड समजू नका, तेवढं हलतंच. ५५ आले तर मात्र थैली नीट हलवली जाऊन नाही राहिली किंवा कोणीतरी डोकावून राहिलं आहे. नंतर खबर लावायची म्हणजे काय, तर नुसते रकाने झाकायचे. "एक तरी पांढरी" म्हणजे शेवटचा रकाना हाताने झाका आणि उरलेल्या तिघांच्या बेरजेने पहिल्याला भागा, ३/७ म्हणजे ०.४३ च्या जवळ काहीतरी येईल.

३ पांढऱ्या २ काळ्या हे प्रमाण मी उगाच नाही घेतलं. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातल्या याकोब बर्नुली ह्या गणितज्ञाने ह्याच प्रमाणात, ३००० पांढरे आणि २००० काळे खडे असलेल्या भांड्याचं उदाहरण घेतलं होतं, एकेक खडा काढायचा, रंग बघायचा, परत टाकायचा. त्याचं पुस्तक तो गेल्यावर आठ वर्षांनी, १७१३ मध्ये निघालं. त्याने विचारलेलं असं की भांड्यात काय आहे हे माहीत नसलेल्या माणसाने किती वेळा काढलं तर त्याला मिळालेलं प्रमाण २९/५० आणि ३१/५० च्या मधे असायची शक्यता नसायच्या शक्यतेच्या हजारपट होईल, आणि उत्तर काढलं २५,५५०. आजच्या रीतीने केलं तर साडेसहा हजारांच्या आसपास भागते, तो फार जपून चालला होता, पण तीनशे वर्षांपूर्वी हाताने केलेला हिशोब आहे, नावं ठेवायला जागा नाही. १०० फेऱ्यांत वैतागलेल्या पोट्ट्यांना हा आकडा सांगा, जरा बरं वाटते त्यांना.

शेवटी पूर्ण डबा थैलीत टाकून दोनचार प्रश्न, हे जमले म्हणजे झालं. चौकोन आता १९ गुणिले १९, ३६१ खान्यांचा, आखत बसू नका, गठ्ठे मोजा. निघालेली गोटी राणी नाही एवढंच कळलं, तर ती पांढरी असायची संभाव्यता? राणीवर काट, उरल्या १८, त्यात ९, अर्धं. पांढरी किंवा राणी निघेपर्यंत परत टाकून काढत राहायचं, काळी आली की मोजायचीच नाही, तर राणीने बाजी मारायची संभाव्यता? काळ्या ९ डोळ्यांआड करा, उरल्या १० आणि त्यात राणी एक, १/१०. कितीदा काढावं लागेल ह्याचा हिशोब करत अनंत बेरीज मांडणारे असतात, उत्तर तेच येते पण पान भरते.

दोनदा काढली, दोन्ही वेळा राणी नव्हती हे कळलं, तर दोन्ही गोट्या एकाच रंगाच्या असायची संभाव्यता? खाने १८ गुणिले १८, ३२४. दोन्ही पांढऱ्या ८१, दोन्ही काळ्या ८१. अर्धं.

आणि हा खास ताईच्या चिठ्ठ्यांची आठवण ठेवून करायचा. दोनदा काढली, पहिली राणी होती, तर दुसरीही राणी? १/१९, ह्यात काही नाही. "एक तरी राणी होती का?" "हो." तर दोन्ही राणी? ३६१ मधून राणी नसलेले ३२४ गेले, राहिले ३७, त्यात दोन्ही राणी असा एकच खाना. १/३७. आणि चिठ्ठ्या पिसून एक उचलली, तिच्यावर "राणी" निघालं, तर? दोन्ही राणीचा १ पूर्ण, बाकीच्या ३६ चे अर्धे १८, एकूण १९, म्हणून पुन्हा १/१९.